‘फायनली’ला मराठीत काय म्हणायचं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

शाळेचं स्नेहसंमेलन असो, पतसंस्थेची वार्षिक सभा असो की एखाद्या दुकानाचं उद्घाटन, आभार मानायला उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडून एक इंग्रजी वाक्य हमखास निघतं. अध्यक्षांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन होतात, मग तो जरा थांबतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, ‘अ‍ॅट लास्ट, बट नॉट द लीस्ट...’ पुढे माईकवाल्याचं नाव येतं, टाळ्या होतात आणि लोक चहाकडे वळतात.

मूळ शब्द ‘लास्ट, बट नॉट द लीस्ट’ असे आहेत. नाव शेवटी घेतलं म्हणून मान शेवटचा नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात हा ‘अ‍ॅट’ शिरला की घोटाळा होतो. ‘अ‍ॅट लास्ट’ म्हणजे फार वाट पाहून, कंटाळून गेल्यावर, एकदाचं. म्हणजे आभार मानणारे गृहस्थ भर सभेत सांगत असतात की, ‘एकदाचं आलं बुवा यांचं नाव, पण हेही काही कमी नाहीत!’ ज्यांचे आभार मानले ते हात जोडून हसत उभे असतात. कुणाचंच काही बिघडत नाही.

पण कधी कधी बिघडतं. ‘शेवटी’ या आपल्या साध्या शब्दाला इंग्रजीत ‘फायनली’ म्हटल्यामुळे एका बाईचं म्हणणं मी अगदी उलटं करून टाकलं होतं, आणि ते तसंच लिहूनही घेतलं गेलं. ती गोष्ट किल्लारी भागातली आहे. ती सांगण्याआधी या ‘फायनली’ची थोडी ओळख करून घेऊ.

हा शब्द लॅटिनमधल्या ‘फिनिस’वरून आला. फिनिस म्हणजे सीमा, हद्द, शेवट. शर्यतीतलं ‘फिनिश’ त्याच घरातलं. गंमत म्हणजे दंड या अर्थाचा ‘फाइन’ आणि पैशाच्या व्यवहारातला ‘फायनान्स’ हेही त्याचेच भाऊबंद. देणं चुकतं केलं, प्रकरण मिटलं, हा त्यांचा जुना अर्थ. आपल्याकडे कर्ज फेडलं की सोसायटीकडून बेबाकीचा दाखला घेतात. ज्याच्याकडे बाकी उरली नाही तो बेबाक. ‘फायनल’ या शब्दात ही बेबाकी मुळापासून आहे. हे ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

इंग्रजीत ‘फायनली’ हा एकटा गडी तीन कामं करतो. पहिलं काम क्रमाचं. भाषणात तीन मुद्दे मांडायचे आहेत, दोन झाले, तिसऱ्याच्या आधी ‘फायनली’ म्हणायचं. इथे त्याच्याऐवजी ‘लास्टली’ चालतं, ‘अ‍ॅट लास्ट’ मात्र चालत नाही. आपल्या आभारवाल्या मंडळींची गल्लत होते ती इथेच. दुसरं काम वाट पाहण्याचं. सकाळी सातची लातूरची बस साडेआठला आली, तर ‘द बस फायनली केम’. इथे ‘अ‍ॅट लास्ट’ चालतं, ‘लास्टली’ चालत नाही. तिसरं काम निकालाचं. ‘द मॅटर वॉज फायनली सेटल्ड’, प्रकरण कायमचं मिटलं, आता ते पुन्हा उघडायचं नाही. हे तिसरं काम रोजच्या बोलण्यात कमी आणि कोर्टकचेरीत जास्त दिसतं.

शब्दाची जागाही पाहावी लागते. वाक्याच्या तोंडी ‘फायनली’ आला आणि पुढे स्वल्पविराम आला, तर क्रम की वाट पाहणं हे मागच्या वाक्यांवरून ओळखायचं. मुख्य क्रियापदाच्या लगेच आधी आला, तर बहुतेक वेळा वाट पाहणं समजावं. ‘हॅज’, ‘वॉज’ असं साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्या मागे जाऊन बसतो, ‘द बस हॅज फायनली कम’. वर्गात मी मुलांना एवढंच सांगत असे. परीक्षेला ते पुरतं.

आता मराठीकडे या. यातल्या दुसऱ्या कामासाठी, म्हणजे ताटकळून झाल्यावर सुटणाऱ्या निःश्वासासाठी, आपल्याकडे जो शब्द आहे तसा मला इंग्रजीत अजून सापडलेला नाही. तो शब्द म्हणजे ‘एकदाचं’. हा शब्द काम करतो क्रियाविशेषणाचं, पण वागतो विशेषणासारखा. ज्याची वाट पाहिली त्याच्या लिंगवचनाप्रमाणे तो बदलतो. एकदाचा पाऊस आला. एकदाची परीक्षा संपली. एकदाचं लग्न पार पडलं. एकदाचे पाहुणे गेले. कशासाठी जीव टांगणीला लागला होता, हे शब्दाच्या शेपटीवरूनच कळतं.

शिवाय ‘फायनली’ झालेल्या गोष्टीला लागतो, ‘एकदाचं’ व्हायच्या गोष्टीलाही लागतो. ‘जा एकदाचा’, ‘सांगून टाक एकदाचं’, ‘होऊन जाऊ दे एकदाचं’. इंग्रजीत कुणाला ‘गो फायनली’ म्हणून पाहा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. आणि याचा सर्वांत अवघड उपयोग मरणाच्या दारात होतो. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेली म्हातारी गेली की सगळं केलेली सून डोळे पुसत म्हणते, ‘सुटली एकदाची.’ त्यात माया आहे, दमणूक आहे आणि थोडी कबुलीही आहे. ‘शी फायनली डाइड’ असं त्याचं भाषांतर केलं तर ती सून दुष्ट ठरेल.

हल्लीची मुलं मराठी बोलतानाही ‘फायनली आलास!’ म्हणतात. त्याबद्दल माझी फार तक्रार नाही. ‘फायनल’ तर आपण केव्हाचा आपलासा केला आहे. सोयरीक फायनल होते, जागेचा सौदा फायनल होतो. जुन्या मुंबई इलाख्यात तर सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेमुळे ‘फायनल झालेला’ म्हणजे शिकलेला माणूस असा अर्थ होता, आणि तेवढ्यावर त्याला मास्तरची नोकरी मिळत असे. एवढंच वाटतं की ‘फायनली आलास’ म्हणणाऱ्याला ‘आलास एकदाचा’ हेही म्हणता यावं. दोन्हींत फरक आहे. दुसऱ्यात लटका राग आहे.

आता किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचं विसर्जन करून लोक रात्री उशिरा घरी येऊन झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या यादीत हा आकडा लहानच. पण त्याचं केंद्र फार खोल नव्हतं, आणि आपली घरं होती काळ्या दगडांची, मातीत रचलेल्या जाड भिंतींची. वर माळवद, म्हणजे तुळया आणि किलचांवर मातीचा जाड थर. चैत्र-वैशाखात गार राहणारं, बापजाद्यांनी मोठ्या हौसेनं बांधलेलं घरच झोपलेल्या माणसांवर बसलं. लातूर आणि उस्मानाबाद, ज्याला आता आपण धाराशिव म्हणतो, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसं गेली.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. पत्र्याचे निवारे आले. ५२ गावं जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी वसवायचं ठरलं. जागतिक बँकेच्या मदतीनं १९९४ मध्ये पुनर्वसनाचा मोठा प्रकल्प सुरू झाला, देशभरातल्या संस्थांनी गावं बांधून द्यायची जबाबदारी घेतली. कुटुंबाकडे जमीन किती, त्यावर घर ठरलं, २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. अधिकारी आले, अभियंते आले, अभ्यासक आले, परदेशी पाहुणे आले. त्यांना माणसांशी बोलायचं असे, आणि माणसांना मराठीखेरीज दुसरं काही येत नसे. अशा वेळी इंग्रजी शिकवणारा मास्तर हाताशी बरा पडतो.

१९९७ च्या उन्हाळ्यात अशाच एका पाहुण्याबरोबर मी दुभाष्या म्हणून एका नव्या गावठाणात हिंडत होतो. गावाचं नाव सांगत नाही, पाहुण्याचंही नाही. चूक माझी होती. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, एकासारखी एक घरं, झाडं अजून गुडघ्याएवढी. एक साठीच्या पुढची बाई दारात चवाळं टाकून तूर पाखडत बसली होती. पाहुण्यानं विचारलं, ‘नवं घर त्यांना कसं वाटतं?’ मी विचारलं, ‘मावशी, नवं घर कसं वाटतं?’

तिनं मागे वळून भिंतीकडे पाहिलं. म्हणाली, ‘बरं हाय की. भक्कम हाय. पर शेवटी सरकारी घर हाय ते.’

मी घाईत होतो. ऊन मी म्हणत होतं, अजून चार घरं करायची होती. मी सांगून टाकलं, ‘शी सेज इट इज गुड, इट इज स्ट्राँग. अ‍ॅण्ड फायनली, इट इज अ गव्हर्नमेंट हाउस.’ तिच्या ‘पर’चा मी ‘अ‍ॅण्ड’ केला होता हेही माझ्या ध्यानात आलं नाही. पाहुण्याचा चेहरा एकदम उजळला. त्यानं मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि बाईंना नमस्कार केला. बाईंनीही केला. परतताना जीपमध्ये ती वही त्याच्या मांडीवर उघडी होती. मी डोकावून पाहिलं. त्यानं लिहिलं होतं, ‘फायनली, अ गव्हर्नमेंट हाउस’, आणि पुढे उद्गारचिन्ह.

म्हणजे ती बाई म्हणत होती की घर मजबूत आहे, पण काही झालं तरी ते सरकारी घर, आपलं नव्हे. आणि माझ्या तोंडून पाहुण्यापर्यंत पोहोचलं ते असं की, किती वाट पाहिली, सरकारचं घर मिळालं एकदाचं! तक्रारीचं आभार झालं. ते सांगायला मी जीपमध्ये तोंड उघडलं नाही. आधी वाटलं आता कशाला, मग वाटलं माझ्या इंग्रजीची लाज जाईल, आणि मग लातूर आलं.

चूक नेमकी कुठे झाली, हे शोधायला मला पुढे बराच वेळ लागला. आपण पाठ केलेलं असतं, शेवटी म्हणजे ‘फायनली’. पण मराठीतल्या ‘शेवटी’ला इंग्रजीत निदान चार दारं आहेत. ‘गल्लीच्या शेवटी मारुतीचं देऊळ आहे’ यातला शेवटी जागेचा, त्याला ‘अ‍ॅट द एण्ड’. ‘शेवटी पसायदान होईल’ यातला क्रमाचा, त्याला ‘फायनली’ किंवा ‘लास्टली’. ‘खूप हेलपाटे घातले, शेवटी काम झालं’ यातला परिणामाचा, त्याला ‘फायनली’ किंवा ‘इन द एण्ड’. आणि ‘शेवटी आईच ती’ यातला चौथा. या चौथ्याशी काळाचा काही संबंध नाही. सगळ्या गोष्टी जमेस धरल्या, वजाबाकी केली आणि तळाशी जे उरलं ते हे, असं तो सांगतो. त्याला इंग्रजीत ‘आफ्टर ऑल’ म्हणतात. तिथे ‘फायनली’ कधीच चालत नाही.

ओळखायची एक खूण सांगतो. वाक्यात काही घडत असेल, म्हणजे मिळालं, आलं, संपलं, झालं अशी क्रिया असेल, तर ‘शेवटी’ बहुधा काळाचा. ‘शेवटी घर मिळालं.’ पण वाक्यात काही घडत नसेल, एखादी गोष्ट काय आहे तेवढंच सांगितलं असेल, तर तो बहुधा तोलून पाहण्याचा. ‘शेवटी सरकारी घर आहे ते.’ ‘शेवटी माणूस आहे तो.’ या वाक्यांत बरेचदा आधी ‘पण’ येतो किंवा नामाला ‘च’ चिकटतो. त्या बाईच्या वाक्यात ‘पर’ होता आणि ‘हाय’ होतं, दोन्ही खुणा होत्या. इंग्रजी ऐकणारा मात्र ‘फायनली’ कानावर पडला की बदल शोधतो, पूर्वी नव्हतं ते आता झालं असं समजतो. पाहुण्यानं तेच केलं, त्याला दोष नाही.

हिंदी-उर्दूतल्या ‘आखिर’लाही ही दोन्ही अंगं आहेत. ‘आखिर माँ है’ आणि ‘आखिर बारिश आ गई’. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कारभाराची भाषा उर्दू. त्यामुळे हा शब्द आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘आखरीला’ असा अजून ऐकू येतो. मूळ अरबी, फारसी-उर्दूमार्गे आलेला. प्रमाण मराठीत त्याचं ‘अखेर’ झालं, आणि या ‘अखेर’ची सगळ्यात मोठी सोय वर्तमानपत्रवाल्यांना झाली. ‘अखेर पाऊस आला’, ‘अखेर रस्त्याला मुहूर्त’, ‘अखेर तो निघाला चोर’. मथळ्यात ‘अखेर’ आला की वाचकाला आपण कशाची तरी वाट पाहत होतो असं वाटू लागतं, पाहत नसलो तरी.

कचेरीत याच ‘अखेर’चा अर्थ वेगळा. ‘मार्चअखेर’, ‘जूनअखेर’, ‘आजअखेर’. इथे वाट पाहणं संपत नाही, मुदत दिली जाते. आजअखेर इतकी घरं पूर्ण, उरलेली जूनअखेर. जून कोणत्या सालातला हे विचारण्याची पद्धत नाही. इंग्रजीत इथे ‘फायनली’ येत नाही, ‘बाय द एण्ड ऑफ’ येतं. आणि हे ‘बाय’ आहे, ‘अ‍ॅट’ नव्हे, म्हणजे त्या दिवसापर्यंत केव्हाही. अर्ज लिहिताना मुलं ‘अ‍ॅट द एण्ड ऑफ जून’ लिहितात आणि मग काम नेमकं शेवटच्या दिवशीच होणार असा अर्थ निघतो. तसा तो अनुभवाला धरूनच असतो म्हणा.

‘इव्हेंच्युअली’ हा आणखी एक शब्द मुलांना फसवतो. ‘इव्हेंट’ म्हणजे कार्यक्रम हे डोक्यात बसलेलं असतं. त्याचा अर्थ कालांतराने, बऱ्याच घडामोडींनंतर. त्यात निःश्वास नाही, सूर थंड आहे. पुनर्वसनाच्या अहवालात लोक ‘इव्हेंच्युअली’ नव्या गावात राहायला गेले असं वाचायला मिळतं. जे गेले ते स्वतः तसं कधी म्हणणार नाहीत.

त्याच फेरीतला दुसरा एक प्रश्न आठवतो. पाहुण्याला विचारायचं होतं, ‘व्हेन वॉज द लास्ट ट्रेमर?’ मी विचारलं, ‘शेवटचा धक्का कधी बसला?’ पारावर बसलेल्यांपैकी एका शेतकऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अशुभ बोललो. म्हणाला, ‘शेवटचा कोन सांगल, सर? मागला इचारा.’

त्याचं बरोबर होतं. इंग्रजीत ‘लास्ट’ म्हणजे मागचाही आणि शेवटचाही. ‘लास्ट इयर’ म्हणजे गेलं वर्ष, ते काही जगाचं शेवटचं वर्ष नव्हे. मराठीत मागचा वेगळा, शेवटचा वेगळा, आणि त्या गावात हा फरक व्याकरणाचा नव्हता. मोठ्या भूकंपाच्या आधी वर्षभर, म्हणजे १९९२ च्या ऑगस्टपासून, किल्लारी परिसरात लहान लहान धक्के बसत होते. त्यांतला मोठा ऑक्टोबर १९९२ मध्ये बसला, लोक घाबरून बाहेर झोपू लागले. मग धक्के विरळ झाले, लोक पुन्हा घरात गेले. थांबलं एकदाचं, असं त्या वेळी कुणी म्हणालं असेल तर त्यात नवल काय? त्यानंतर ३० सप्टेंबर उजाडला. मोठ्या भूकंपानंतरही धक्के चालूच राहतात, आणि त्यांतला अमुक एक शेवटचा असं तो बसत असताना कुणालाही सांगता येत नाही, शास्त्रज्ञालाही नाही. पुष्कळ काळ गेल्यावर मागे वळून पाहायचं आणि मगच शेवटचा म्हणायचं. ‘फायनली’ शब्दाची हीच अडचण आहे. तो नेहमी पलीकडच्या काठावर उभं राहून बोलावा लागतो.

आता त्या तिसऱ्या कामाकडे येऊ, बेबाकीच्या. दिवाणी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे १९०८ च्या कायद्याचं, ११ वं कलम वकील मंडळींना तोंडपाठ असतं. एखादा वाद न्यायालयानं ऐकून ‘फायनली’ निकालात काढला असेल, तर तेच पक्ष तोच वाद घेऊन पुन्हा दाव्याला उभे राहू शकत नाहीत. इथे ‘फायनली’ म्हणजे ‘अखेर निकाल लागला बुवा’ असं नव्हे. इतकी वर्षं लागली की नाही, याच्याशी कलमाला कर्तव्य नाही. दार बंद झालं, कडी लागली, एवढंच. मराठी भाषांतरात अशा ठिकाणी ‘अंतिमतः’ लिहितात. शब्द अवजड आहे, पण ‘शेवटी’ लिहून भागणार नाही. ‘शेवटी निकाल दिला’ असं लिहिलं तर न्यायाधीशांनी फार उशीर केला असा सूर लागेल.

आणि कायद्यातला अंतिम नेहमी अंतिम असतोच असंही नाही. नवं गावठाण करायचं तर जमीन लागते आणि ती कुणाची तरी शेतजमीन असते. त्या काळी १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे मोबदल्याचा निवाडा अंतिम समजला जाई. आणि त्याच कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे, निवाडा मान्य नसलेल्या शेतकऱ्याला प्रकरण न्यायालयाकडे पाठवा असा अर्ज करता येई. सहा कलमांच्या अंतरात अंतिमचं अंतिमपण सैल झालेलं आहे. २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि तो जुना कायदा गेला, पण ‘अंतिम’ शब्दाची ही सवय काही गेलेली नाही. ‘अंतिम यादी’ लागते आणि तिच्याखाली ‘हरकती असल्यास’ असं लिहिलेलं असतं.

पुनर्वसनातल्या कागदांत दोन शब्द जोडीनं येत, ‘तात्पुरते’ आणि ‘कायमचे’. पत्र्याचा निवारा तात्पुरता, सिमेंटचं घर कायमचं. इंग्रजीत ‘टेम्पररी’ आणि ‘पर्मनंट’. त्या बाईचा ‘शेवटी’ या दोन्हींत बसत नव्हता. नवं घर तात्पुरतं आहे असं ती म्हणत नव्हती, ते तर भक्कम आहे हे तिनंच सांगितलं होतं. त्या दिवशी मी भाषांतर करून मोकळा झाल्यावर ती आणखीही बोलली होती. जुन्या वाड्याच्या ढाळजेत बसलं की येणारं-जाणारं दिसायचं, शेजारीण आता गावाच्या पार त्या टोकाला गेली, यादीत नंबर तसा लागला म्हणून. पाहुणा तोवर पुढच्या घराकडे निघाला होता, आणि हे मी इंग्रजीत सांगितलंच नाही. ‘आफ्टर ऑल’ वापरलं असतं तर कदाचित तो थांबला असता आणि ‘का?’ म्हणून त्यानं विचारलं असतं. ‘आफ्टर ऑल’ ऐकलं की माणूस पुढचं वाक्य ऐकायला थांबतो. ‘फायनली’ ऐकलं की वही मिटतो.

आता शेवटचा मुद्दा. इथे ‘लास्टली’ म्हणतो, ‘अ‍ॅट लास्ट’ तुम्ही मनात म्हणा.

त्याच सुमारास माझ्या वर्गात एका पुनर्वसित गावचा मुलगा होता. ‘माझं गाव’ या विषयावर दहा ओळी इंग्रजीत लिहायच्या होत्या. त्यानं भूकंप लिहिला, पत्र्याचं शेड लिहिलं, पावसाळ्यात शेडमध्ये शिरलेलं पाणी लिहिलं, आणि दहावी ओळ लिहिली, ‘अ‍ॅट लीस्ट वी गॉट हाउस’. मी लाल शाईनं ‘लीस्ट’ खोडून ‘लास्ट’ केलं आणि ‘हाउस’च्या आधी ‘अ’ घातला. लास्ट आणि लीस्ट यांची गल्लत मुलं करतातच, एका अक्षराचा तर फरक. वही परत दिली. तो म्हणाला, ‘सर, मला निदान असंच म्हनायचं हुतं.’ निदान घर तरी मिळालं. बाकी जे गेलं त्याबद्दल तो काही लिहिणार नव्हता.

हा ‘निदान’ शब्द मोठा विलक्षण आहे. संस्कृतात तो मूळ कारण या अर्थी आहे, म्हणून डॉक्टर रोगाचं निदान करतात. रोजच्या मराठीत आपण तो ‘कमीत कमी’ या अर्थी वापरतो. आणि जुन्या मराठीत निदान म्हणजे शेवट, निदानी म्हणजे शेवटी, असाही अर्थ होता. म्हणजे ‘अ‍ॅट लीस्ट’ आणि ‘अ‍ॅट लास्ट’, ज्या दोन शब्दांवरून मी वर्षानुवर्षं मुलांचे मार्क कापले, ते दोन्ही आपल्याकडे एकाच शब्दात शेजारी नांदून गेले आहेत. सगळं सरत सरत तळाशी आलं की जे उरतं ते शेवटचंही असतं आणि कमीत कमीही असतं, तसंच काहीसं झालं असावं.

त्या मुलाची वही मी परत मागून घेतली. लाल ‘लास्ट’ खोडला, त्याचा ‘लीस्ट’ पुन्हा वर लिहिला. ‘हाउस’च्या आधीचा ‘अ’ मात्र तसाच ठेवला.